फिशटँकचा मोडलेला स्प्रे बार : नळाच्या सामानातून नवा कसा बनवायचा

रविवारी सकाळी टाकी धुवायला घेतली आणि फिल्टरचा परतीचा पाइप, म्हणजे गाळलेलं पाणी काचेवरून टाकीतल्या भोकांच्या आडव्या नळीत (हाच स्प्रे बार) आणून सोडणारा पाइप, पिळताना ‘कट्’ असा आवाज आला. अर्धा पाइप माझ्या हातात, अर्धा काचेवर. मोटर बंद करायची राहिली होती, त्यामुळे पाण्याची चिळकांडी थेट समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर. आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, “झालं का माशांचं अभ्यंगस्नान?”

ज्या दुकानातून फिल्टर घेतला होता तिथं विचारलं, तर हा भाग सुटा मिळत नाही म्हणे. आख्खा पाइपांचा सेट घ्यायचा, तोही मागवायचा, आठ-दहा दिवस थांबायचं. एवढ्याशा प्लॅस्टिकसाठी. शेवटी दोन मिसळींच्या पैशांत इथल्या, कोल्हापूरच्या, लक्ष्मीपुरीतून सामान आणलं आणि त्याच संध्याकाळी नवा पाइप बनवला. त्याला आता दुसरा पावसाळा लागलाय. हातात कधी एल्बो (पायपाचा काटकोनी जोड) न धरलेल्या माणसालाही हे जमावं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. जिथं मी चुकलो ते जास्त सविस्तर.

आधी मासे, मग पाइप

पाइप मोडला की पहिली धावपळ दुकानाकडं नको. टाकीतलं पाणी फिरायचं थांबलं की वरचा थर हलत नाही, आणि पाण्यात प्राणवायू मुख्यतः त्या हलणाऱ्या थरातूनच मिसळतो. उन्हाळ्यात हे जास्त जाचतं, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागं सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशाला साडेसातच. म्हणजे एप्रिल-मे महिन्यात दुपारी फिल्टर बंद पडला, तर मासे तासा-दोन तासांत वर येऊन तोंड उघडमिट करायला लागू शकतात.

बाहेर ठेवायचा डब्यासारखा फिल्टर, म्हणजे कॅनिस्टर, असेल आणि फक्त वरचा पाइप मोडला असेल, तर मोटर शाबूत असते. ती बंद ठेवू नका. परतीच्या नळीचं तोंड सरळ टाकीत सोडा, काचेच्या दिशेनं वळवा आणि सुतळीनं दोन ठिकाणी बांधा. एकाच ठिकाणी बांधलं तर नळी सापासारखी उसळते, टाकीबाहेर येते आणि मग फरशी पुसत बसा. हे दिसायला ओंगळ दिसतं, पण दोन-तीन दिवस बिनघोर चालतं. साधा एअर पंप असेल तर तोही लावा. काहीच नसेल तर दर थोड्या वेळानं तांब्याभर टाकीतलंच पाणी घेऊन फूटभर उंचीवरून पुन्हा टाकीत ओता. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आमच्याकडं वीज नव्हती, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी पाळ्या लावून हेच केलं होतं. त्या दिवसांत खाणं मात्र बंद. उपाशी मासा आठवडा काढतो, घाण पाण्यात दोन दिवस काढत नाही.

मोटर बंदच ठेवावी लागली आणि पाच-सहा तासांच्या वर गेली, तर डब्यातलं कोंडलेलं पाणी तसंच टाकीत ढकलू नका. आतल्या उपयोगी जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. तो संपला की ते मरायला लागतात आणि डब्याला नासक्या अंड्यासारखा वास मारतो. डबा उघडा, पाणी फेकून द्या, स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळा. नळाखाली धुवू नका, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उरलेसुरले जिवाणूही घालवतं.

मोडलंय नक्की काय?

इथं स्वतःशी प्रामाणिक राहा. दुरुस्ती सोपी आहे की धोक्याची, ते मोडलेली जागा ठरवते.

टाकीच्या आतलं काही मोडलं असेल, म्हणजे भोकांची आडवी नळी, तिचा कोपरा किंवा आतल्या छोट्या पंपाचं नाक, तर बिनधास्त हात घाला. तिथं गळलं तरी पाणी टाकीतच गळणार आहे. आतल्या पंपाचं तोंड मोडलं असेल तर एल्बो-फिल्बोच्या भानगडीतही पडू नका. गवंडी लोक लेव्हल काढायला जी पारदर्शक नळी वापरतात ती हार्डवेअरच्या दुकानात फुटावर मिळते. तिचा बोटभर तुकडा गरम पाण्यात मिनिटभर ठेवा, मऊ झाला की मोडक्या तोंडावर टोपीसारखा चढवा. गार झाला की आवळून बसतो. झालं काम.

काचेवरून उलट्या ‘यू’सारखा येणारा पाइप मोडला असेल तर जरा काळजीचं काम, कारण त्याचा अर्धा भाग टाकीबाहेर आहे. या लेखात मुख्यतः तेच सांगतोय.

तिसरा प्रकार म्हणजे कॅनिस्टरच्या झाकणावरची, नळी जिथं बसते ती चोच मोडणं. चोचीचा बोटाच्या पेरभर तरी भाग शिल्लक असेल तर नळी त्यावर चढवून क्लिप आवळता येते. मुळातून तुटली असेल तर मात्र कुठलाही गोंद, कुठलीही पुट्टी लावू नका. माझी टाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच आहे, म्हणजे ९ घनफूट, जवळपास २५० लिटर पाणी. टाकीच्या खाली असलेल्या त्या सांध्यावर पाण्याच्या उंचीचा दाब सतत असतो. रात्री दोन वाजता सांधा सुटला तर मासे आणि शेजाऱ्यांचं छत दोन्ही जातील. तिथं झाकण नवंच घ्यायचं, कितीही दिवस लागू देत.

मोडका तुकडा खिशात टाका

नवखा माणूस पहिली चूक दुकानात करतो. मीही केली. जाऊन म्हणालो, “मामा, अर्धा इंची पाइप द्या.” मामांनी चष्म्यावरून बघितलं. “कसला अर्धा इंची? पाण्याचा, शेताचा का लायटीचा?”

त्यांचं बरोबर होतं. ‘अर्धा इंच’ हे पायपाचं नाव आहे, माप नव्हे. अर्धा इंची सीपीव्हीसी, म्हणजे बाथरूममध्ये गरम पाण्याला वापरतात तो फिकट पिवळसर पाइप, बाहेरून मोजला तर १५.९ मि.मी. भरतो. अर्धा इंची पांढरा यूपीव्हीसी बाहेरून २१.३ मि.मी. शेताकडचा पीव्हीसी तर थेट मिलिमीटरमध्येच विकला जातो, २०, २५, ३२ असा, आणि ते माप बाहेरचं. तिन्ही पाइप एकाच मांडणीत उभे असतात आणि घरी आणल्यावर एकात एक बसत नाहीत.

आता फिशटँकच्या नळीकडं बघा. तिच्यावर बहुधा १६/२२ किंवा १२/१६ असं छापलेलं असतं. पहिला आकडा आतला व्यास, दुसरा बाहेरचा. १६/२२ च्या नळीचं आतलं माप १६ मि.मी., आणि अर्धा इंची सीपीव्हीसी बाहेरून १५.९. म्हणजे जोडायला कुठला जोड नको, अडॅप्टर नको. पाइप सरळ नळीत शिरतो आणि वर एक क्लिप आवळली की संपलं. हे मला त्या मामांच्या काउंटरवर मोडका तुकडा ठेवला तेव्हा कळलं. त्यांनी कपाटातून सीपीव्हीसीचा एक कापलेला तुकडा काढला, माझ्या नळीच्या तोंडात खुपसला आणि म्हणाले, “हे बघ, ह्याचं त्याच्याशी लगीन ठरलेलंच हाय.”

तुमची नळी १२/१६ ची असेल तर हे लग्न जमत नाही. मग अर्धा इंची एफटीए, म्हणजे आतून आटे असलेला जोड, घ्यायचा आणि त्यात प्लॅस्टिकचा होज निप्पल फिरवून बसवायचा: एका बाजूला अर्धा इंची आटे, दुसऱ्या बाजूला १२ मि.मी. नळीची खाचांची चोच. आट्यांवर टेफ्लॉन टेप पाच-सहा वेढे, आटे फिरतात त्याच दिशेनं. उलट गुंडाळला तर घट्ट करताना टेप गोळा होऊन बाहेर येतो. आणि प्लॅस्टिकचा आटा तालमीतल्या पैलवानासारखा पिळू नका. हातानं घट्ट, मग पान्यानं पाव फेरा, बास. जास्त ताकद लावली तर एफटीएला डोळ्यांना न दिसणारी चीर जाते आणि ती आठवड्यानं दिसते, फरशीवर.

घरात व्हर्नियर (पायपाचा व्यास मोजायचं साधन) नसेल तर उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याकडं मिनिटभर मागा, तिथं तो प्रत्येकाच्या टेबलावर असतो. तोही नाही जमला तर मोडका तुकडा आणि नळीचा बोटभर तुकडा, दोन्ही खिशात टाकून न्या. त्याहून चांगली यादी नाही.

काय आणायचं, काय आणायचं नाही

१६/२२ च्या नळीसाठी माझी खरेदी एवढी: अर्धा इंची सीपीव्हीसी पाइप साडेचार फूट, एल्बो तीन (मी चार घेतले), एंड कॅप (टोक बंद करायची टोपी) एक, नळीवर आवळायची स्टीलची क्लिप एक, सीपीव्हीसीच्या सोल्युशनची, म्हणजे पाइप चिकटवायच्या गोंदाची, सगळ्यात छोटी डबी आणि टेफ्लॉन टेप. पाइप आख्खा घ्यायची गरज नाही. दुकानात नाही म्हणाले तर जवळपास बांधकाम चालू असेल तिथल्या प्लंबरला विचारा, त्याच्याकडं दोन-दोन फुटांचे तुकडे पडलेलेच असतात.

सोल्युशन सीपीव्हीसीचंच मागा. पांढऱ्या पीव्हीसीचं वेगळं असतं आणि ते या पायपाला नीट धरत नाही.

पायपावर आयएस १५७७८ छापलंय का बघा. पिण्याच्या पाण्याच्या सीपीव्हीसी पायपाचं ते भारतीय मानक आहे. जे पाणी आपण पितो त्याच पायपातून माशांचं पाणी गेलं तर काळजी नाही. लाईटच्या वायरिंगचा कंड्युट पाइप मात्र घेऊ नका, तो पाण्यासाठी बनवलेलाच नसतो. घरात कुठंतरी पडलेला जुनापुराणा पीव्हीसी पाइपही नको. पूर्वी पीव्हीसी टिकाऊ करायला त्यात शिशाची संयुगं घालत असत.

आणि पितळ नको. प्लंबर सवयीनं पितळी आट्यांचा एमटीए (बाहेरून आटे असलेला जोड) किंवा एफटीए पुढं करतो, “हे दणकट हाय” म्हणून. दणकट आहे, पण पितळेत तांबं असतं आणि तांबं झिंग्यांना आणि गोगलगायींना अगदी थोडं असलं तरी मारतं. खाऱ्या पाण्याच्या टाकीत तर पितळेचं नावच काढू नका. सगळं प्लॅस्टिकचं. स्टीलची क्लिपही टाकीबाहेर.

कापणं आणि जुळवणं

पाइप कापायला हॅक्सॉ ब्लेड पुरतं. पायपाभोवती कागदाची पट्टी गुंडाळा, तिच्या कडा एकमेकींवर बरोबर आल्या की त्या कडेनं पेनानं रेघ मारा; कट सरळ येतो. कापल्यावर तोंडाला आत-बाहेर जो कीस राहतो तो कानशीनं काढा, मग पॉलिश पेपर फिरवा. आतला कीस राहिला तर तो सुटून भोकांत अडकतो.

आता काचेवरचा ‘यू’. बाहेरचा उभा पाइप, वर एल्बो, मध्ये आडवा छोटा तुकडा, पुन्हा एल्बो, आतला उभा पाइप. दोन एल्बो तोंडाला तोंड भिडेपर्यंत जवळ आणले तरी दोन उभ्या पायपांमध्ये अडीच-तीन सेंटीमीटर जागा उरते. माझी काच कडेच्या पट्टीसकट तेवढ्यात आरामात बसली, उलट थोडी ढिलीच झाली. जुन्या चपलेच्या रबराचा एक तुकडा पाचरीसारखा बाहेरच्या बाजूला घातला. मधला तुकडा कापताना एक लक्षात ठेवा: प्रत्येक एल्बोच्या तोंडात पाइप साधारण साडेबारा मिलिमीटर आत जातो. म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून अडीच सेंटीमीटर तर एल्बोच खातात.

आणि मी जिथं फसलो ते हे. सगळे तुकडे कोरडे जुळवून बघितले, मापं घेतली, छान बसलं. मग सोल्युशन लावून दाबलं तर पाइप आधीपेक्षा खूप आत गेला आणि आतला पाइप तेवढाच वर आला. कारण एल्बोचं तोंड आत निमुळतं असतं. कोरडा पाइप त्यात निम्म्यापर्यंतच जातो. सोल्युशननं प्लॅस्टिक मऊ झालं की मग तळापर्यंत घसरतो. तेव्हा चिकटवायच्या सांध्यांची मापं कोरड्या जुळणीवरून घ्यायची नाहीत. एल्बोच्या तोंडाची खोली काडीनं मोजा, तेवढ्या अंतरावर पायपावर खूण करा, आणि लांबी त्या खुणेपासून धरा.

भोकं : सगळी गंमत इथं आहे

आडव्या नळीला किती भोकं पाडायची, हे बहुतेक लोक डोळ्यानं ठरवतात. दुकानातल्या स्प्रे बारला वीस-पंचवीस भोकं असतात म्हणून आपणही पाडतो आणि पाणी लाळ गाळल्यासारखं येतं. हिशेब सोपा आहे. सगळ्या भोकांचं मिळून तोंड पायपाच्या आतल्या तोंडाएवढं असावं. अर्धा इंची सीपीव्हीसीचा आतला व्यास सुमारे १२ मि.मी. बाराचा वर्ग १४४. भोक ४ मिलिमीटरचं पाडलं तर त्याचा वर्ग १६, आणि १४४ भागिले १६ म्हणजे ९ भोकं. ३ मिलिमीटरची पाडली तर १४४ भागिले ९, म्हणजे १६ भोकं. पाणी जोरात हवं तर एक-दोन कमी पाडा, मऊ हवं तर दोन-तीन जास्त.

आधी कमीच पाडा. भोक वाढवता येतं, बुजवता येत नाही.

भोकं एका रेषेत यावीत म्हणून पाइप दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यात उभा दाबून धरा आणि चौकटीच्या कडेला मार्कर टेकवून खालपासून वर ओढा. गोल पायपावर सरळ रेघ काढायचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही. खुणा केल्या की खिळ्याच्या टोकानं प्रत्येक खुणेवर बारीक खळगा करा, नाहीतर ड्रिलचं टोक गोल पायपावरून घसरतं. वेग कमी ठेवा. भोक पलीकडून आरपार जाऊ देऊ नका. मी दोनदा घालवलं आणि तो तुकडा फेकावा लागला. चौथा एल्बो आणि जादा अर्धा फूट पाइप का घ्यावा, ते तेव्हा कळलं.

घरात ड्रिल नाही म्हणून गॅसवर खिळा तापवून भोकं पाडायचा मोह होईल. नको. सीपीव्हीसीत भरपूर क्लोरीन असतं. जळलं की जो धूर निघतो तो घशाला आणि डोळ्यांना झोंबतो, आणि भोकाच्या कडा वितळून वाकड्यातिकड्या होतात. कोपऱ्यावरच्या सुताराकडं जा, पाच मिनिटांचं काम आहे.

पहिल्यांदा चालवल्यावर एक गोष्ट विचित्र वाटेल. मोटरपासून लांबच्या, बंद टोकाकडच्या भोकांतून पाणी जास्त जोरात येतं, जवळच्यांतून कमी. आपल्याला वाटतं उलट व्हायला हवं. पण नळीत शिरलेलं पाणी वेगात पुढं पळत असतं, वाटेत थोडं थोडं गळत जातं, शेवटी बंद टोकावर थबकतं आणि वेगाचा दाब होतो. भोकं मोठी असतील तर हा फरक जास्त दिसतो. मी एंड कॅपकडची शेवटची दोन भोकं ३ मिलिमीटरची ठेवली, बाकी ४ ची, आणि धारा बऱ्यापैकी सारख्या झाल्या.

रेघेची शाई आणि पायपावरची छपाई पॉलिश पेपरनं घासून काढा. पाइप रंगवू नका. नवा असताना तो टाकीत पिवळसर, उपरा दिसतो खरा, पण तीन आठवड्यांत त्यावर हिरवं शेवाळ चढतं आणि नजरेला सवय होते.

सोल्युशन कुठं, कुठं नाही

सोल्युशन जितकं कमी, तितकं चांगलं. काचेवरच्या बाहेरच्या एल्बोची दोन्ही तोंडं चिकटवा, कारण तिथली गळती घरात येते. वरच्या आतल्या एल्बोचं मधल्या तुकड्याकडचं तोंड चिकटवा. बाकी टाकीच्या आतलं सगळं कोरडं: उभा पाइप, खालचा एल्बो, स्प्रे बार, एंड कॅप. कोरडं टिकेल का, असं मलाही वाटलं होतं. हिशेब केला. अशा फिल्टरचा पंप फार तर दोन-एक मीटर उंच पाणी चढवतो. तेवढ्या दाबानं अर्धा इंची एंड कॅपवर येणारा जोर अर्ध्या किलोच्याही आत. लाकडी फळी आडवी धरून दोन हलके ठोके मारले की कॅप त्याहून कितीतरी घट्ट बसते. ढिली वाटली तर टेफ्लॉनचा एक वेढा. आणि फायदा असा, की शेवाळ झालं की सगळं सुटं करून धुता येतं. चिकटवलं तर भोकांतून टूथपिक घालत बसायचं.

चिकटवायच्या आधी दोन्ही तुकडे हवे त्या दिशेला जुळवून सांध्यावरून आडवी रेघ मारा. सोल्युशन लागलं की फिरवायला काही सेकंदच मिळतात. रेघेला रेघ जुळवली की झालं, नाहीतर ‘यू’ काचेवर वाकडा बसतो. दोन्ही भागांना पातळ हात फिरवा, पाव फेरा देत तळापर्यंत दाबा आणि अर्धा मिनिट तसंच धरून ठेवा. लगेच सोडलं तर पाइप थोडा बाहेर सरकतो. खिडकी उघडी ठेवा, वास डोक्यात जातो. बाहेर आलेलं सोल्युशन फडक्यानं पुसा.

मग चोवीस तास हात लावू नका. पाणी लगेच धरलं तरी सोल्युशनमधली रसायनं उडून जायला वेळ लागतो. चोवीस तासांनंतर पाइप बादलीभर पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, ते पाणी फेकून द्या, नाकाजवळ नेऊन वास घ्या. वास येत असेल तर आणखी एक रात्र.

पाणी उलटं वाहू नये म्हणून

स्प्रे बार पाण्याच्या पातळीला किंवा किंचित वर असेल तर ही चिंता नाही. पण तो पाण्याखाली चार बोटं ठेवायचा असेल आणि कधी खालून परतीची नळी निसटली, तर स्प्रे बारच पाणी ओढून फरशीवर सोडायला लागतो. आतल्या उभ्या पायपाला, पाण्याच्या पातळीच्या अगदी जरा खाली, ३ मिलिमीटरचं एक भोक पाडा. पातळी तेवढी उतरली की तिथून हवा शिरते आणि ओढ तुटते. चालू असताना त्यातून बारीक धार आत पडत राहते, पडू द्या. ओढून घेणाऱ्या पायपाला असं भोक पाडू नका, पातळी थोडी उतरली की मोटरमध्ये हवा जाईल. पण भोक नसल्यानं ती बाजू निसटली तर ओढ तुटणार नाही. म्हणूनच खालच्या नळ्यांच्या क्लिपा मी दर महिन्याला बोटानं हलवून बघतो.

प्रवाह कमी करायला व्हॉल्व्ह बसवायचा असेल तर तो परतीच्या बाजूला. ओढीच्या बाजूला आवळला तर पंप उपाशी राहून खडखडायला लागतो.

चालू करायच्या आधी, चालू केल्यावर

हात पाण्यात घालण्याआधी प्लग काढलेला असावा, फक्त बटण बंद पुरत नाही. वायर सॉकेटपेक्षा खाली लोंबू द्या, म्हणजे ओघळ सॉकेटात न जाता खाली टपकतो. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल, तर माशांच्या निमित्तानं बसवून घ्या.

जुना पाइप असताना किती पाणी येत होतं आणि आता किती येतं, हे मोजायचं असेल तर १० लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरे. बादली टाकीच्या काठाइतक्या उंचीवर, स्टुलावर धरा. जमिनीवर ठेवली तर उतारामुळं पाणी जास्त येतं आणि आकडा फसवा निघतो. ३६ सेकंदांत भरली तर ताशी १,००० लिटर. माझ्या २५० लिटरच्या टाकीला तासाला चार-पाच वेळा पाणी फिरलं की पुरतं, म्हणजे बादली २९ ते ३६ सेकंदांत भरायला हवी. माझी ३३ सेकंदांत भरली. खोक्यावर यापेक्षा बराच मोठा आकडा छापला होता, पण तो रिकाम्या डब्याचा असतो. स्पंज, मळ आणि तीन एल्बो आपला वाटा घेतातच.

नळी पायपावर चढवण्याआधी तिचं टोक गरम पाण्यात मिनिटभर धरा, मग निदान अडीच-तीन सेंटीमीटर आत घाला आणि क्लिप आवळा. साबण किंवा तेल लावू नका. मोटर चालू केल्यावर काचेवरच्या बाहेरच्या एल्बोवरून आणि क्लिपेवरून कोरडं बोट फिरवा. त्याच्या बरोबर खाली वर्तमानपत्र पसरून ठेवा आणि झोपा. डोळ्यांना न दिसणारा एक थेंबही सकाळी कागदावर गोल डाग होऊन दिसतो.

धारांची दिशा माशांकडं बघून ठरवा. स्प्रे बार खालच्या एल्बोत कोरडाच बसवलेला असल्यानं हातानं फिरवता येतो. भोकं वरच्या कोनात केली की पाण्याचा थर छान हलतो. माझे एंजलफिश दोन दिवस कोपऱ्यात रुसून बसले होते, बार भिंतीकडं वळवला तसे बाहेर आले. गुबगुबीत गोल्डफिश किंवा लांब शेपटीचा बेटा मासा असेल तर धार काचेवरच आदळू द्या, त्यांना प्रवाहात पोहणं झेपत नाही.

दर दोन महिन्यांनी एंड कॅप काढायची, बाळाची बाटली धुवायचा ब्रश आरपार घालायचा, भोकांना टूथपिक, पुन्हा दोन ठोके. चौथा एल्बो आणि टेफ्लॉनची उरलेली गुंडाळी माशांच्या खाण्याच्या डब्याशेजारी ठेवलीय. मोडका तुकडाही तिथंच आहे; परवा खालच्या मजल्यावरचे काका त्यांच्या फिल्टरची नळी घेऊन आले, तेव्हा मापाला तोच काढून दिला.